आपला माल कोणत्या ग्रुपात सांगावा?



अलीकडच्या हंगामांत आपल्या सभासदांच्या घरी उसाच्या जोडीला लहानमोठे धंदे उभे राहू लागले आहेत. कोणी ऊसरोपांची नर्सरी घातली आहे. कोणी भावाभावांत मिळून छोटे गुऱ्हाळ चालवतो आणि एक किलोच्या ढेपा, गूळ पावडर, काकवी काढतो. कुठे घरातल्या माउलीने बचत गटातून मसाला-पापडाचे काम धरले आहे. माल बहुतेकांचा चोख आहे. घोडे अडते ते विक्रीपाशी. गट ऑफिसात येऊन टेकणारा सभासद हमखास सांगतो, "साहेब, पंधरा ग्रुपांवर फोटो टाकलं. अंगठं लई आलं, गिऱ्हाईक एक न्हाई."

हा प्रश्न वरवर पाहता मोबाइलचा वाटतो. आमच्या मते तो बाजार निवडण्याचा आहे, आणि बाजार निवडणे आपल्याला नवे नाही. खिलार बैल विकायचा तर माणूस खरसुंडीच्या जत्रेला जातो. भाजीमंडईत दावे धरून उभा राहत नाही. मंडईत माणसे जास्त असतात हे खरे, पण बैल घ्यायला आलेला त्यांत एकही नसतो. गुळाचे रवे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात उतरवायचे, हे आपल्या आजोबांना कोणी शाळेत शिकवले नव्हते. व्हॉट्सॲपचे आणि फेसबुकचे ग्रुप म्हणजे असेच बाजार आहेत. फक्त त्यांना कमान नाही, पाटी असली तरी ती खरी असेलच असे नाही, त्यामुळे आत कोण बसले आहे हे चटकन कळत नाही.

आधी नर्सरीचे घेऊ, कारण तिथे वेळ चुकली की पैसा मातीत जातो. पाच फुटांची सरी आणि दोन फुटांवर रोप असे धरले तर एकरी ४,३५६ रोपे लागतात. म्हणजे एक लाख रोपांची नर्सरी घालणाऱ्याला साधारण तेवीस एकर लावणीचे गिऱ्हाईक शोधायचे आहे. तेवीस एकर म्हणजे किती शेतकरी? दहा-पंधरा. हजार नव्हेत, दहा-पंधरा! पण ते कसे हवेत हे बघा. गाडीभाडे परवडेल इतक्या अंतरातले हवेत, रान तयार असलेले हवेत, पाण्याची सोय असलेले हवेत, आणि येत्या दोन-तीन आठवड्यांत लावण करणारे हवेत. ट्रेमधले रोप महिना-सव्वा महिन्यात लावणीला येते. त्यापुढे मुळ्या ट्रेतच गुंडाळू लागतात आणि रोप वयस्क होते. ट्रे, कोकोपीट, बेणे, मजुरी हा खर्च तोवर झालेला असतो, आणि तो पुष्कळदा सोसायटीच्या नाहीतर पतसंस्थेच्या पैशावर. गूळ डब्यात दोन महिने थांबेल. रोप थांबत नाही.

अशा सभासदाने सबंध महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांचा म्हणवणाऱ्या मोठ्या ग्रुपात फोटो टाकला तर काय होते? नाशिकचा द्राक्षवाला अंगठा देतो, विदर्भातला कापूसवाला "छान" म्हणतो, कोकणातला आंबेवाला नमस्कार करतो. सगळी माणसे चांगली, पण यातल्या एकाच्याही रानात ते रोप जायचे नाही. त्यापेक्षा शेजारच्या चार गावांच्या पाणीवापर संस्थेचा ग्रुप, लगतच्या गटांतल्या ऊस उत्पादकांचे ग्रुप, आणि ज्याच्याकडे ठिबकचे साहित्य मिळते त्या दुकानदाराचा ग्रुप, हे आमच्या दृष्टीने सोन्यासारखे. ठिबकची नळी घेऊन गेलेला माणूस थोड्याच दिवसांत लावण करणार हे सांगायला ज्योतिषी नको.

वेळही तशीच धरावी. आडसाली जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. मग निरोप त्याआधी महिनाभर जायला हवा. ट्रे भरले त्या दिवशी सांगा, रोप तयार झाल्यावर सांगू नका. आणि निरोपात नुसते "उत्तम प्रतीची रोपे मिळतील" असे नको. जात कोणती, को ८६०३२ की फुले २६५. बेणे कोणत्या मळ्यातले आणि किती महिन्यांचे. ट्रे कधी भरले, रोप कोणत्या तारखेला देणार. गाव कोणते, पोच करणार की नर्सरीवरून न्यायचे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून किंवा पाडेगावच्या संशोधन केंद्रातून मूळ बेणे आणले असेल तर त्या पावतीचा फोटो जोडा. त्या एका कागदाने जे काम होते ते दहा ओळींच्या कौतुकाने होत नाही.

आता गुळाचे. (नोंद केलेला ऊस कारखान्याला आणि गुऱ्हाळाला नोंदीबाहेरचा, हे पथ्य धरूनच आम्ही लिहितो आहोत. खरे तर हे सांगायला नको. पण काही मंडळी थट्टेत उलटे बोलतात म्हणून सांगितले.) एक टन उसापासून ढोबळमानाने शंभर किलो गूळ पडतो. महिन्याला पाच टन ऊस गाळला तरी पाचशे किलो गूळ हातात येतो. एक कुटुंब महिन्याला एक-दोन किलो घेणार. म्हणजे अडीचशे ते पाचशे घरे लागली, आणि तीही दर महिन्याला परत घेणारी. नर्सरीवाल्याला दहा-पंधरा गिऱ्हाईक एकदाच हवे होते, गुळवाल्याला शेकडो घरे पुन्हा पुन्हा हवीत. दोघांच्या हातात मोबाइल सारखाच असला तरी दोघांचा बाजार एक नाही. नर्सरीवाल्याच्या यशस्वी ग्रुपात गुळवाल्याने जाऊन बसणे फुकट आहे, कारण तिथे ज्याच्या-त्याच्या घरी गूळ आहेच. आपल्या गावात गूळ विकायचा म्हणजे पंढरपुरात बुक्का विकायला जाण्यासारखे.

मग ही घरे कुठे सापडतात? आमचे निरीक्षण असे की पहिली वीस-पंचवीस घरे दहावीच्या बॅचच्या ग्रुपात सापडतात. हसू नका. हायस्कुलात बरोबर बसलेली निम्मी पोरे आज पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबईला नोकरीला आहेत. त्यांना तुमचे रान माहीत आहे, तुमचा बाप माहीत आहे, गावच्या गुळाची चव जिभेवर आहे आणि इकडची आठवण येते ती वेगळीच. अशा साठ-सत्तर माणसांच्या ग्रुपात तुमच्या शब्दाला वजन असते. हजार अनोळखी माणसांत ते वजन शून्यापासून उभे करावे लागते. तेव्हा सुरुवात ओळखीच्या लहान ग्रुपापासून करावी, अनोळखी मोठ्याकडे नंतर वळावे. आमचे बरेच सभासद नेमके उलटे करतात, कारण मोठा आकडा बघून मन भुलते.

या मोठ्या आकड्याचे थोडे सांगू. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात पूर्वी २५६ माणसे बसत; २०२२ साली ही मर्यादा आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली. टेलिग्रामच्या ग्रुपात तर दोन लाखांपर्यंत माणसे मावतात. पण मावणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. जेकब नील्सन नावाच्या अभ्यासकाने २००६ साली एक ढोबळ हिशेब मांडला होता: अशा कुठल्याही मेळाव्यात शंभरातली नव्वद माणसे नुसती बघतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एकच माणूस सतत बोलत असतो. म्हणजे हजाराच्या ग्रुपात रोज दिसणारी तोंडे दहाच. ती दहा तोंडे जर दिवसभर सुप्रभातचे फोटो आणि राजकारण टाकत असतील, तर उरलेल्यांनी तो ग्रुप कधीच मुका करून ठेवलेला असतो. तुमचा गूळ त्या ढिगाखाली.

ग्रुप जिवंत आहे की मेलेला, हे बघायची पद्धत सोपी आहे. आत गेल्यावर आठ-पंधरा दिवस काही टाकू नका, नुसते वाचा. कुणी प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळते का? उत्तर देणारी माणसे वेगवेगळी आहेत की एकच? आधी कुणी माल टाकला होता का, आणि त्याखाली "दर किती", "कोथरूडला पोच आहे का" असे कुणी विचारले का? फेसबुकच्या ग्रुपात शोधायची सोय असते. तिथे "गूळ", "काकवी" हे शब्द घालून मागच्या वर्षभरात कोण काय विचारत होते ते बघा. एखाद्या गृहिणीने "बिनकेमिकल गूळ कुठे मिळेल?" असे विचारलेले आणि खाली चाळीस जणांचे बोलणे झालेले दिसले तर तो बाजार आपला. ग्रुपाचे नियम वरच लिहिलेले असतात, ते वाचा. काही ठिकाणी जाहिरातीला फक्त रविवार दिलेला असतो, काही ठिकाणी बंदीच असते. आणि जिथे रोज "घरबसल्या कमवा" आणि "बिनतारण कर्ज" येते आणि ग्रुपचालक ते काढत नाही, तिथून गुपचूप बाहेर पडावे. त्या ग्रुपात आपला नंबर सगळ्यांना दिसतो हेही विसरू नये.

न विचारता सगळीकडे टाकत सुटणे हा रोग आपल्याकडचा नाही, जुना आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या कँटर आणि सिगेल या वकील नवरा-बायकोने एप्रिल १९९४ मध्ये त्या काळच्या संगणकावरच्या पाच हजारांहून अधिक चर्चामंडळांत आपल्या धंद्याची एकच जाहिरात टाकली. विषय परदेशी लोकांच्या ग्रीन कार्डाचा. मंडळे मात्र नाना विषयांची. लोक इतके संतापले की निषेधाच्या पत्रांनी त्यांना जोडणी देणाऱ्या कंपनीची यंत्रे बसली आणि कंपनीने त्यांचे खाते बंद केले. त्यांना त्यातून गिऱ्हाईक मिळाले असे ते पुढे सांगत राहिले, नाही असे नाही. पण कँटर यांची वकिलीची सनद १९९७ साली टेनेसी राज्यात रद्द झाली आणि त्याच्या कारणांत ही जाहिरातही होती. आपल्याकडे एवढे कोणी करत नाही. लोक नंबर ब्लॉक करतात, कंपनीकडे तक्रार करतात, आणि तक्रारी वाढल्या की व्हॉट्सॲप तो नंबरच बंद करते. मग त्याच नंबरावर असलेले जुने गिऱ्हाईकही तुटते. म्हणून धंद्याला शक्यतो वेगळा नंबर ठेवावा, आणि व्हॉट्सॲपचे धंद्यासाठी वेगळे ॲप २०१८ पासून आहे, ते फुकट आहे, त्यात मालाची यादी फोटो आणि दरासकट लावून ठेवता येते. रोज फोटो टाकण्यापेक्षा ती यादी बरी.

पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या हाउसिंग सोसायट्यांचे ग्रुप गुळाला फार चांगले, पण तिथे बाहेरच्या माणसाला शिरकाव नसतो आणि शिरून उपयोगही नसतो. तिथे तुमच्या बॅचचा सोबती उपयोगी पडतो. त्याने स्वतः गूळ नेला, खाल्ला आणि ग्रुपात लिहिले की "आमच्या गावचा आहे, कुणाला हवा असल्यास नावे द्या", की काम झाले. यात दुसरा फायदा वाहतुकीचा. वीस पत्त्यांवर वीस पार्सले पाठवली तर कुरियरचा खर्च गुळाच्या दराला भिडतो. एकाच गेटवर वीस पुडे उतरवले तर तो सगळ्यांत वाटला जातो. ग्रुप निवडताना माणसे किती हे बघतो तसे ती एका जागी आहेत का हेही बघावे. याच कारणाने परदेशातल्या मराठी मंडळांच्या ग्रुपात गूळ सांगण्याच्या भानगडीत सध्या पडू नये असे आमचे मत आहे. तिकडच्या मंडळींना गुळाची ओढ असते, पोळीला हवाच असतो. पण एक-दोन किलोचे पार्सल तिकडे जाईपर्यंत भाडे गुळाच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते, आणि खाण्याच्या वस्तूंचे त्या त्या देशाचे नियम निराळेच.

फेसबुकवरच्या स्वयंपाकाच्या ग्रुपांत जायचे तर विकायला जाऊ नये, बोलायला जावे. शहरातल्या बायकांना गुळाबद्दल खरेखुरे प्रश्न असतात. "तुमचा गूळ एवढा काळपट का?" हा तर नेहमीचा. त्याचे उत्तर तुमच्याइतके चांगले कोण देणार? रस उकळताना मळी काढायला भेंडीचा रस घालतात, रंग पिवळाधमक यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस पावडर मारतात, ती न मारल्यास गूळ तांबूस-काळसर राहतो, उसाची जात आणि जमिनीचा खारटपणा यांनीही रंग-चव बदलते. हे सरळ शब्दांत लिहा, काहिलीचा फोटो टाका, गुऱ्हाळावर पोराकडून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून घ्या. अशा चार उत्तरांनंतर लोक आपणच विचारतात, "तुमच्याकडे मिळेल का?" तिथे मग दर सांगावा. घरातल्या लेकी-सुना हे काम आपल्यापेक्षा नेटके करतात. त्यांच्या हातात द्यावे, आणि पैसेही त्यांच्याच खात्यावर येऊ द्यावेत.

इथे दोन शब्द खरेपणाबद्दल, कारण अशा ग्रुपांत वाचणारे जाणते असतात. खाण्याचा पदार्थ विकायचा तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा चौदा आकडी क्रमांक पुड्यावर छापा आणि विचारला की लगेच द्या. "सेंद्रिय" हा शब्द गंमत म्हणून वापरू नका, त्याला २०१७ पासून वेगळे नियम आहेत आणि प्रमाणपत्राची विचारणा होणारच. त्यापेक्षा "आम्ही हायड्रॉस वापरत नाही" असे, जे खरे आहे तेवढेच लिहा. "कोल्हापूर गूळ" या नावाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. दुसऱ्या भागातल्या गुळाने ते नाव लावू नये.

पंचवीस-तीस घरे बांधली गेली की आपला स्वतःचा ग्रुप करावा. पण विचारून. जत्रेत, प्रदर्शनात, पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी गाळ्यावर आलेल्यांचे नंबर वहीत घेताना "नवा गूळ निघाला की कळवू का?" असे विचारून मग जोडावे. न विचारता जोडलेला माणूस बाहेर पडतो. ज्यांना आपला नंबर ग्रुपात दाखवायचा नसतो त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट यादी बरी: एका यादीत २५६ जण, प्रत्येकाला निरोप वेगळा जातो, मात्र ज्याने तुमचा नंबर साठवला असेल त्यालाच तो पोचतो, हे ध्यानात ठेवा. निरोप महिन्यातून दोनदा पुरे.

कोणता ग्रुप पिकतो आणि कोणता नुसते पाणी पितो, हे अंदाजाने ठरवू नका. दोनशे पानी वही घ्या. फोन आला की पहिले विचारा, "कुठं वाचलंत?" तारीख, ग्रुपाचे नाव, काय विचारले, माल गेला का, दुसऱ्यांदा मागवला का, एवढेच लिहा. समजा नऊशे माणसांच्या ग्रुपातून महिन्याला चाळीस फोन आले आणि चाळीसही जण "लास्ट रेट?" विचारून गेले, आणि सत्तर माणसांच्या ग्रुपातून नऊ फोन आले, सहा जणांनी माल नेला, त्यांतल्या चौघांनी पुढच्या महिन्यात परत नेला. वही नसेल तर तुम्ही नऊशेच्या ग्रुपालाच मोठे म्हणत राहाल, कारण फोन तिथूनच वाजतो. तीन महिने तीन-चार ग्रुप धरून बघा, जो पिकत नाही तो सोडा. खोडवा किती वर्षे ठेवायचा हे आपण उताऱ्यावर ठरवतो, तसेच हे.

शेवटी चोरांचे. ग्रुपात नंबर गेला की गिऱ्हाइकाच्या वेषात तेही येतात. नेहमीचा प्रकार असा: "मी लष्करात आहे, कॅन्टीनसाठी शंभर किलो हवा, पैसे आगाऊ पाठवतो" असा फोन येतो. घासाघीस नाही, मालाची चौकशी नाही. मग एक क्यूआर कोड येतो आणि "हा स्कॅन करून पिन घाला म्हणजे पैसे जमा होतील" असे सांगतात. यूपीआयने पैसे घेताना पिन कधीही घालावा लागत नाही. पिन घातला की पैसे आपल्या खात्यातून जातात. दर न विचारता मोठी मागणी करणारा माणूस आपल्या कोणत्याही बाजारात कधी भेटला आहे का, एवढे मनाशी विचारले तरी पुरे. फसगत झालीच तर लाजून घरी बसू नका. १९३० या नंबरावर तातडीने फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा अधिक.

ज्या सभासदांना आपले ग्रुप एकत्र बसून तपासायचे असतील, त्यांनी गट ऑफिसात येताना फोनबरोबर वहीही आणावी. नर्सरीवाल्यांनी ट्रे भरण्याआधी यावे, नंतर नको.